प्रतिमेखालचा लेख : कुड्याचे शैलरूपकर्म आणि आजचे फलक

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्याच्या पुढे निडी हे लहानसे स्थानक लागते. कुडा येथील लेण्यांतील शिलालेख पुन्हा तपासून पाहण्याच्या निमित्ताने या वाटेने आमचे अनेकदा जाणे-येणे झाले. अशाच एका खेपेस, १४ एप्रिलच्या सुमारास, निडीच्या परिसरात रस्त्याच्या कडेला उभारलेल्या एका फलकाने आमचे लक्ष वेधून घेतले. फलक संगणकावर तयार करून फ्लेक्सवर छापलेला होता. गडद निळ्या पार्श्वभूमीवर चैत्यगवाक्षाची पिंपळपानी कमान केवळ काळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांत उमटविली होती. मूळ छायाचित्रातील करड्या छटा साफ काढून टाकल्यामुळे तिच्यातील लाकडी फासळ्या कोरीव अक्षरांसारख्या ठसठशीत दिसत होत्या. कमानीच्या पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आकृती, तीही दोन-तीन सपाट छटांत. वर मोठ्या अक्षरांत 'आपला वारसा : कुडा लेणी' अशी ओळ आणि तळाशी, प्रथेप्रमाणे, वर्गणीदारांची नावे.

फलक सुंदर होता, हे प्रथम नमूद केले पाहिजे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव लागणाऱ्या फलकांच्या गर्दीत तो उठून दिसत होता. परंतु ती कमान कुड्याची नव्हती. कुड्याची चैत्यगृहे सपाट छताची आणि चौकोनी विधानाची आहेत. तेथे असे भव्य गवाक्ष नाहीच. ती कमान होती मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहाची. एकोणिसाव्या शतकातील जुन्या छायाचित्रांतून ती पुष्कळांच्या परिचयाची झालेली आहे.

फलक ज्या तरुणाने तयार केला होता त्याची गाठ पडली. आम्ही ही गोष्ट त्याच्या निदर्शनास आणली. तो ओशाळला नाही, रागावलाही नाही. थोडा विचार करून म्हणाला, "सर, लेणं आपलंच आहे ना? मग कार्ल्याचं काय नि कुड्याचं काय?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या वेळी आम्हास देता आले नाही. प्रश्न भाबडा नव्हता. जे आपले आहे ते आपण आपल्या रीतीने पुन्हा रेखाटले तर बिघडले कुठे? जुन्या संग्रहांतील, आता कोणाच्याही मालकीची न राहिलेली चित्रे आणि छायाचित्रे घेऊन त्यांना नवे, धीट रूप देण्याचे काम आज आपल्या समाजातील अनेक तरुण हात करीत आहेत. त्यांच्या या कामाकडे पालि वाङ्मयाच्या आणि शिलालेखांच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेख म्हणजे त्या तरुणास उशिरा दिलेले उत्तर आहे.

छाया आणि रंग

प्रतिमेला नवे रूप देणे हे मुळात धम्मपरंपरेला परके आहे काय, याचा विचार आधी करू. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात एक मार्मिक दृष्टान्त आला आहे. रंगारी किंवा चित्रकार लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठा यांचे रंग घेऊन घोटून गुळगुळीत केलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रावर स्त्रीची अथवा पुरुषाची सर्वांगपूर्ण आकृती काढतो. त्याचप्रमाणे अश्रुतवान पृथग्जन रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांचीच पुन्हा पुन्हा निर्मिती करीत राहतो, असे तेथे तथागत सांगतात. त्याच सुत्तात 'चरण' नावाच्या चित्राचा उल्लेख आहे. ते चित्र चित्तानेच योजलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विचित्र, म्हणजे विविधरूपी, असते. लोकांमध्ये फिरवून दाखवावयाचा चित्रपट म्हणजे हे 'चरण' चित्र, असे अट्ठकथेवरून समजते. तात्पर्य, फळी, भिंत आणि कापड ही तिन्ही माध्यमे तथागतांच्या श्रोत्यांना परिचित होती. रस्त्याच्या कडेचा फलक ही आपली नवी सवय नव्हे.

याहून अधिक बोलकी कथा दिव्यावदानातील रुद्रायणाची आहे. रोरुक नगराच्या रुद्रायण राजाने मगधाच्या बिंबिसारास रत्नजडित चिलखत भेट पाठविले. त्याच्या तोडीची उलटभेट कोणती द्यावी, असा पेच बिंबिसारास पडला. तथागतांची आकृती वस्त्रावर काढून पाठवावी, असा सल्ला खुद्द तथागतांनीच दिला. चित्रकार आले, पण तथागतांकडे पाहता पाहता त्यांची तृप्ती होईना, आणि त्यांना रूपाचा ठाव घेता येईना. तेव्हा तथागतांनी वस्त्रावर आपली छाया पाडली आणि तिच्यात रंग भरण्यास सांगितले. एवढ्यावर काम संपले नाही. आकृतीच्या खाली शरणगमन, शिक्षापदे आणि प्रतीत्यसमुत्पाद लिहावा, असेही त्यांनी सांगितले. ते वस्त्र रोरुकास पोचले. मध्यदेशाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते पाहताच बुद्धाला वंदन केले, आणि रुद्रायणाच्या कानांवर हे नाव प्रथमच पडले. खाली काय लिहिले आहे, असे त्याने विचारले. त्या लेखाचा अर्थ समजून घेऊन त्याचे मनन केल्यावर त्याला स्रोतापत्तिफल प्राप्त झाले.

या कथेची रचना नीट पाहावी. प्रथम छाया, मग तिच्या कडेच्या आत भरलेला सपाट रंग, आणि शेवटी खाली लेख. आज जुने छायाचित्र संगणकावर घेऊन त्याची बाह्यरेषा काढणारा आणि तिच्यात दोन-तीन रंग भरणारा तरुण याच क्रमाने जातो. आपल्या भाषेने तर फोटोला 'छायाचित्र' असेच नाव दिले आहे. मात्र रुद्रायणाला धम्म समजला तो रंगांमुळे नव्हे. चित्राने त्याला थांबविले; लेखाने त्याला मार्गावर आणले.

जातकट्ठकथेतील कालिंगबोधि जातकात चेतियांचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. धातूंना शरीराचा आधार असतो आणि बोधिवृक्षाला परिभोगाचा. पण उद्देशिक चेतियाला वस्तूचा आधार नसतो, ते केवळ मनाने उभे राहते, असे तेथे म्हटले आहे. प्रतिमा या तिसऱ्या प्रकारात येते. तिचे सारे बळ ती ज्याच्याकडे बोट दाखविते त्यात असते. ते बोट चुकीच्या दिशेला वळले तर मागे उरतो तो फक्त रंग.

कुड्याचे वर्गणीदार

आता कुड्याकडे वळू. रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडच्या खाडीजवळच्या डोंगरात ही लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती खोदली गेली. चैत्यगृहातील काही बुद्धमूर्ती त्यानंतर बऱ्याच काळाने कोरलेल्या आहेत. अजिंठा किंवा कार्ले यांचे वैभव येथे नाही. येथील खरी संपत्ती म्हणजे ब्राह्मी लिपीतील दानलेख. या भागावर त्या काळी मांदव कुळातील महाभोजांची सत्ता होती, हे या लेखांवरूनच समजते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दान देणारे कोण होते, हे येथे शब्दांत लिहिलेले आहे. त्यांत वैद्याचे कुटुंब आहे, माळी आहे, श्रेष्ठी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, प्रव्रजित स्त्री आहे. ब्राह्मण उपासकाची भार्या भयिला हिने तर चैत्यगृहच दिले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना एक ओळ मिळत नाही अशी ही माणसे दगडात आपापल्या नावानिशी उभी आहेत.

यांपैकी एक लेख आमच्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहे. महाभोज मांदव खंदपालित याच्या सेवेत सिवभूति नावाचा लेखक, म्हणजे लेखनिक, होता. त्याच्याहून धाकट्या सिवमाने, पत्नी विजया आणि मुलगे यांच्यासह, जे दान दिले त्याला लेखात शब्द वापरला आहे 'सेलरूपकम', म्हणजेच शैलरूपकर्म, दगडातील रूपांचे काम. लेणे नव्हे, पाण्याचे टाके नव्हे, तर रूपे कोरण्याचे काम हेच येथे 'देयधम' आहे. आणि त्याच लेखात पुढे सिवमाच्या मुलींची नावे येतात : सपा, सिवपालिता, सिवदता आणि सुलसदता. त्यांचे दान खांबांचे आहे. आजोबा सुलसदत आणि आजी उतरदता यांचीही नावे आहेत. एका कारकुनी घराण्याच्या तीन पिढ्या एका लेखात मावल्या आहेत.

याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथे, चैत्यगृहाच्या दर्शनी भागी असलेल्या एका शिल्पाजवळ लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने ते केले, असे तो सांगतो. तेथे दात्याचे नव्हे तर घडविणाऱ्याचे नाव आहे, आणि त्याच्या गुरूचेही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणात रूप घडविताना दोन गोष्टी लिहून ठेवण्याची रीत होती : हे कोणाच्या दानातून झाले, आणि हे कोणाच्या हातून झाले.

निडीच्या त्या फलकाच्या तळाशी वर्गणीदारांची नावे होती, हे आम्ही वर सांगितलेच आहे. ज्याने वर्गणी दिली त्याचे नाव गाळले तर केवढा रुसवा होतो, हे जयंतीच्या मंडळांत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. हा मानवी हट्ट हास्यास्पद नाही. तो कुड्याच्या देयधमाचाच वारस आहे. प्रश्न एवढाच की आजच्या वर्गणीदारांची नावे आपण काळजीने छापतो आणि त्याच फलकावर ज्यांचे दान मिरवितो त्या जुन्या वर्गणीदारांना मात्र विसरतो. शिवाय कार्ल्याची कमान कुड्याची म्हणून छापली की अन्याय दोन्हीकडे होतो. कार्ल्याचे शैलगृह वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाने पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे अभिमानाने लिहविले. तेथील दरवाजाचे काम धेनुकाकटाच्या सामि नावाच्या सुताराने केले. निडीच्या फलकावर भूतपाल आणि सामि यांची कमान आली, पण त्यांची नावे पुसली गेली. सिवम आणि विजया यांच्या वाट्याला तर कमानही आली नाही. ज्यांचे लेणे निडीहून अर्ध्या दिवसात पाहून येता येते, त्यांच्याच मुलखात ते अनोळखी ठरले.

ठशांपासून छापील पानापर्यंत

आज जी जुनी चित्रे आपल्या हाती येतात ती बहुतेक एकोणिसाव्या शतकात तयार झाली. त्यांचा प्रवासही समजून घेण्याजोगा आहे. मद्रासच्या फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने नकला करून घेतल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या किंवा होरपळल्या. उरलेल्या सामग्रीवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरील दोन खंड निघाले. आज अजिंठ्याची म्हणून फिरणारी कित्येक रेखाचित्रे त्या खंडांतली आहेत. ती ज्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्या-पावसाळ्यात लेण्यांच्या अंधारात बसून काढली, त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे आज आपल्या वाचकांना माहीत आहेत.

शिलालेखांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा गुंफामंदिरांवरील ग्रंथ १८८० मध्ये आणि बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीचा चौथा खंड निघाला. त्यात कुड्याच्या लेखांची वाचने आहेत, आणि ओल्या कागदावर घेतलेल्या ठशांवरून छापलेल्या प्रतिकृतीही आहेत. भगवानलालांचे नाव या कामावर ठळकपणे आले, ही समाधानाची गोष्ट. त्यांच्या वाचनाशिवाय सिवमाच्या मुली आजही मुक्याच राहिल्या असत्या.

या ग्रंथांत प्रत्येक चित्राला क्रमांक होता, स्थळ होते, समोरच्या पानावर विवेचन होते. परकीय सत्तेच्या हेतूंविषयी आपले मतभेद असू शकतात. तरी हा शिरस्ता चोख होता. चित्र पानावरून वेगळे काढले गेले तेव्हा घोटाळा सुरू झाला. पुस्तकातून भिंतीवर, भिंतीवरून दिनदर्शिकेवर, तेथून संगणकाच्या पडद्यावर अशा प्रत्येक उडीत चित्राच्या खालची एकेक ओळ गळत गेली. शेवटी उरली ती नुसती कमान. ती कोणीही उचलावी आणि कोणतेही नाव द्यावे. आपली लेणी शतकानुशतके 'पांडवांची' म्हणून सांगितली गेली, तीही खालचे लेख कोणाला वाचता येत नव्हते म्हणूनच. ब्राह्मी वाचली गेल्यावर हा भ्रम फिटला. तोच भ्रम आपण आता आपल्या हातांनी, मोठ्या प्रेमाने, परत आणू नये.

दिन्न आणि अदिन्न

जुनी चित्रे घेणे ही चोरी नव्हे काय, अशी शंका कधी कधी विचारली जाते. भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन याच नियमाने १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. परदेशातील मोठ्या संस्थांनीही आपले दरवाजे उघडले आहेत. ब्रिटिश ग्रंथालयाने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतील दहा लाखांहून अधिक चित्रे सर्वांना वापरण्यास दिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे खुली केली. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेच्या पडवीत बसावे लागले, त्यांच्या नातवंडांना आज जगाच्या संग्रहालयांची दालने घरबसल्या उघडी आहेत.

पंचशीलाच्या भाषेत सांगावयाचे तर दुसरे शील 'अदिन्नादाना वेरमणी' हे आहे : जे दिलेले नाही ते न घेणे. मुदत संपलेले किंवा संस्थेने खुले केलेले चित्र 'दिन्न' आहे, समाजाला दिलेले आहे. ते घेण्यात दोष नाही. परंतु दुसरे शील पाळले म्हणून चौथे आपोआप पाळले जात नाही. कार्ल्याच्या कमानीखाली कुडा असे लिहिणे हे, हेतू कितीही निर्मळ असला तरी, असत्य विधान आहे. जाणूनबुजून केलेले नाही तोवर तो मुसावाद ठरत नाही, हे खरे. मात्र चूक कळल्यावर तो फलक तसाच ठेवला तर ती सूट उरत नाही. चित्र वापरण्याची मोकळीक कायदा देतो. खाली काय लिहावे याची जबाबदारी कायदा संपतो तेथे सुरू होते.

सारनाथचा धडा

बौद्ध प्रतिमेला नवे रूप देण्याचे आधुनिक भारतातील सर्वांत यशस्वी उदाहरण आपण रोज हाताळतो. सारनाथचा सिंहशीर्ष १९०५ मध्ये उत्खननात सापडला. २६ जानेवारी १९५० रोजी त्यावरून घेतलेले चिन्ह भारताची राजमुद्रा झाले. चार सिंहांपैकी तीनच दिसतात, खालचे घंटाकृती कमळ गाळले आहे, आणि दगडातील बारकावे नाण्यावरही उमटावेत इतके सोपे केले आहेत. त्याआधी २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यावरील चोवीस आऱ्यांचे चक्रही त्याच शीर्षाच्या पट्टीवरून आले. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय किती धीटपणे घेता येतो, हे येथे शिकावे.

मात्र येथेही प्रतिमेखालच्या लेखाचा प्रश्न आहेच. राजमुद्रेखाली मुंडक उपनिषदातील 'सत्यमेव जयते' हे शब्द आहेत. सारनाथच्या स्तंभावर अशोकाने जे लिहविले ते वेगळे आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे, अशी ती आज्ञा आहे. त्याच लेखात आणखी एक सूचना आहे : या आज्ञेची एक प्रत कचेरीत ठेवावी आणि तशीच दुसरी प्रत उपासकांजवळ राहू द्यावी, उपासकांनी उपोसथाच्या दिवशी येऊन तिचा परिचय करून घ्यावा. नकला लोकांच्या हाती असाव्यात, असे खुद्द अशोकालाच वाटत होते. राजमुद्रेखालच्या शब्दांविषयी आम्हाला तक्रार करावयाची नाही; राष्ट्राने आपले बोधवाक्य निवडले. परंतु सिंह कोणत्या स्तंभावरून आले आणि त्या स्तंभावर संघाच्या एकतेविषयी काय लिहिले आहे, हे बौद्ध उपासकाला ठाऊक असावयास हवे. आपल्या संघटनांचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहता त्या लेखाची आठवण अनाठायी ठरणार नाही.

बाबासाहेबांची छायाचित्रे

आपल्या लोकांनी सर्वाधिक वेळा पुन्हा रेखाटलेली प्रतिमा अर्थातच बाबासाहेबांची. त्यांच्या हयातीतच, ९ डिसेंबर १९५० रोजी, कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासह त्यांचा पुतळा उभा राहिला. १९६६ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, १९६७ मध्ये संसदेच्या आवारात पुतळा बसला आणि १९९० मध्ये मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले. पण सरकारी मान्यतेच्या कितीतरी आधीपासून चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर मिळणाऱ्या स्वस्त छापील चित्रांनी ही प्रतिमा घरोघर नेली होती. सुटातले बाबासाहेब, हातात ग्रंथ, निळा रंग : ही चित्रभाषा कोणत्याही कलाशाळेने शिकविलेली नाही. ती समाजाने आपल्या गरजेतून घडविली. अलीकडे तिला नवे धुमारे फुटले आहेत. २०११ मध्ये आलेल्या 'भीमायन' या चित्रपुस्तकात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी महाडच्या पाण्याचा प्रश्न आपल्या परंपरेतील आकृत्यांनी मांडला. चौकटींच्या ठरावीक पट्ट्या मोडून त्यांनी पाने मोकळी केली. नक्कल न करता मूळ घटनेशी इमान कसे राखावे, याचा तो नमुना आहे.

अशा कामात गाळणे अपरिहार्य असते. पण काय गाळले जाते याचे भान हवे. राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले कुटुंबाचे प्रसिद्ध छायाचित्र घ्या. त्यात बाबासाहेब आणि माता रमाई यांच्याबरोबर यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत. एकटे बाबासाहेब कापून घेतले की फलक ठसठशीत होतो, पण बाबासाहेबांना ग्रंथांसाठी आणि चळवळीसाठी मोकळे ठेवणारे घर नाहीसे होते. 'मूकनायका'चे शीर्षक हल्ली मोठ्या अक्षरांत सदऱ्यांवर आणि भिंतींवर दिसते, याचा आनंदच आहे. ३१ जानेवारी १९२० च्या त्या पहिल्या अंकापासून शीर्षकाखाली तुकोबांचा अभंग छापलेला असे. तो मात्र सदऱ्यावर सहसा येत नाही. मुक्यांच्या नायकाने बोलण्याची परवानगी कोणाच्या वाणीतून घेतली, हे त्या अभंगाने कळत होते.

पुन्हा कुड्यास

कोणत्याही नव्या फलकाच्या तळाशी चार गोष्टी बारीक अक्षरांत का होईना, असाव्यात, असे आमचे नम्र मत आहे : रूप कोठले, दान किंवा घडण कोणाची, मूळ चित्र कोणत्या ग्रंथातून अथवा संग्रहातून घेतले, आणि नवे रेखाटन कोणी केले. याला फार तर दोन ओळी लागतात. त्यांनी चित्राचे बळ कमी होत नाही. रंग किती असावेत, रेषा किती जाड असावी, काय ठेवावे आणि काय वगळावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात अभ्यासकाने लुडबूड करू नये.

पुढल्या खेपेस निडीचा तो तरुण आमच्याबरोबर कुड्यास आला. सिवमाच्या लेखासमोर उभे राहून आम्ही एकेक अक्षर दाखवीत गेलो. 'कणिठस' म्हणजे धाकट्याचे, हे कळल्यावर तो हसला. तोही घरात धाकटा. 'दुहुतुयानं' या शब्दापाशी आम्ही थांबलो आणि त्याचा अर्थ सांगितला : मुलींचे. मग चारही नावे वाचली. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "सर, आमच्या फलकावर एवढी नावं असतात, त्यात मुलीचं एकही नसतं. वर्गणी तर त्या पण देतात."

ही गोष्ट आमच्याही ध्यानात आली नव्हती. निडीच्या फलकावरील चित्र चुकीचे आहे, हे आम्ही पाहिले होते. खालच्या यादीत काय नाही, हे पाहिले नव्हते. खालचा लेख वाचावा असा आग्रह धरणाऱ्याने तो स्वतःच अर्धवट वाचला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढच्या वर्षीचा फलक आम्ही पाहिला. कमान नव्हती. १८८३ च्या खंडातील ठशाच्या प्रतिकृतीवरून घेतलेली 'सेलरूपकम' ही ब्राह्मी अक्षरे निळ्यावर पांढरी, हातभर उंचीची, फलकभर पसरली होती. दगडातील झीज त्याने पुसली नव्हती. अक्षरांच्या कडा तशाच खडबडीत ठेवल्या होत्या. खाली देवनागरीत अर्थ, स्थळ आणि खंडाचे नाव. त्याच्याखाली सिवम, विजया, त्यांचे मुलगे आणि चार मुली यांची नावे. आणि त्याच ओळीला लागून, मध्ये रेघ न मारता, या वर्षीच्या वर्गणीदारांची. त्यांत सात नावे मुलींची होती. 'आपला वारसा' हे शब्द मात्र त्याने या वेळी कोठेच लिहिले नव्हते.